चौथ्या मजल्यावरच्या चपला

धायरीतल्या आमच्या इमारतीचं काम बिल्डर गायब झाल्यापासून बंद आहे. कोर्टात तारखा पडतात आणि आम्ही भाड्याच्या घरात म्हातारे होतोय. तरी अधूनमधून आम्ही नवरा-बायको चौथ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट बघून येतो. बघायचं काय, चार भिंती आणि दार नसलेली चौकट. पण बायको दर वेळी त्या चौकटीबाहेर चपला काढते. मी चिडतो, "अगं, आत सगळी खडी आणि खिळे आहेत."

"तुम्ही या तसेच. मी माझ्या घरात चपला घालून येत नाही."

परवा गेलो, तर जिन्यापासून सगळ्या भिंती रंगलेल्या. तरुण पोरापोरींनी इमारत चित्रं काढायला धरली आहे म्हणे. निदान कुणीतरी काम सुरू केलं! आमच्या देवघराच्या भिंतीवर एक मुलगी भलीमोठी निळी मांजर रंगवत होती. चांगली काढली होती, हे कबूल करावं लागलं. बायको नेहमीसारखी अनवाणी आत आली. मुलगी वळून काळजीने म्हणाली, "काकू, चपला घाला ना, पायात काहीतरी घुसेल. इथे कुणी राहत नाही."

बायको बाहेर गेली आणि चपला घालून आत आली.