दळणाचा डबा

शेंद्र्याच्या कारखान्यात मी इलेक्ट्रिकलचा साहेब होतो. वय एकतीस, आणि डोक्यात हवा फार. वायरमनमधून एक सुपरवायझर निवडायचा होता. मुलाखतीला मुकुंदवाडीहून येणारे एक वयस्कर वायरमन बसले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ही त्यांची शेवटची संधी आहे, हे मला माहीत होतं.

मी विचारलं, "मोटार दोन प्रकारची पॉवर ओढते. अ‍ॅक्टिव्ह काम करते. रिअ‍ॅक्टिव्हचं काय होतं?" मला हवं असलेलं उत्तर होतं, वाया जाते. कॉलेजात मी तेवढंच पाठ केलं होतं.

"वाया नाय जात, साहेब," मामा म्हणाले. "दळणाला डबा लागतो का नाय? डबा कुणी खात नाय. घरून गिरणीत जातो, गिरणीतून घरी येतो. पण हाताला वजन त्याचंबी लागतं. आपली केबल तशीच तापती. मोटारीपाशी कपॅसिटर बसवला की डबा गिरणीतच ठेवल्यागत व्हतं."

"मग मामा, उद्यापासून मोटारी डब्यावरच चालवू या का?" मी म्हणालो. माझ्यासोबत मुलाखत घेणारे दोघे खो खो हसले. मामाही कसनुसे हसले. मी कागदावर शून्य मांडलं.

दोन दिवसांनी मोठ्या कॉम्प्रेसरच्या मोटारीला कपॅसिटर बसवला. मामांनी केबलला करंट मोजायचा टाँग टेस्टर लावला, मग पॅनेलचा मीटर पाहिला आणि आकडे वाचून दाखवले. अँपिअर बरेच उतरले होते. किलोवॅट, म्हणजे खरं काम करणारी पॉवर, जवळजवळ तेवढेच. म्हणजे वाया असं काही जात नव्हतंच, नुसती ये-जा चालली होती. माझे कान गरम झाले. मामा शिडी उचलून निघून गेले.

निवडीची यादी अजून लागायची होती. तो कागद माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. शून्य खोडायला मिनिटही लागलं नसतं, पण मग त्या दोघांना सांगावं लागलं असतं की साहेबालाच येत नव्हतं. मी कागद तसाच वर पाठवला. आज हे लिहितानाही माझी मला लाज वाटते.

मामा वायरमन म्हणूनच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांच्या प्रामाणिकपणावर भाषण ठोकलं. नंतर शाल-नारळ सांभाळत ते माझ्याजवळ आले.

"साहेब, एक इचारू का? त्या दिवशी माझं उत्तर कुठं चुकलं, तेवढं सांगा. लई दिवस झालं, डोक्यातून जाईना."

मी म्हणालो, "बघून सांगतो, मामा."