पाणी पाजलेली, न पाजलेली

"नर्सबाई, एका उपकेंद्राच्या मूठभर लेकरांवरून काही सिद्ध होत नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले. "तुमचं ते मीठ-साखरेचं पाणी महिनाअखेरीस बंद करा."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मानोऱ्याजवळच्या तांड्यांवर मी सरकारी नर्स होते. लेकराला हगवण लागली की त्याचं पाणी तोडायचं, असा तिकडे रिवाज. पाण्यानं जुलाब वाढतात म्हणे. लेकरं पार सुकून जायची. मी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून घोट घोट पाजायची आणि ती माझ्या डोळ्यांदेखत तरतरीत व्हायची. ते बंद करायचं? माझं डोकंच फिरलं.

एकीचं चालत नाही तर सगळ्यांचं आणते, म्हटलं. सुट्टीच्या दिवशी एसटीनं हिंडले. आसपासच्या नर्सबायाही कमी-अधिक पाणी पाजतच होत्या. कुणाला पाजलं, कुणाच्या घरच्यांनी नाकारलं, कोण घरीच बरं झालं, कुणाला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं, सारं त्यांच्या रजिस्टरात होतं. एक बाई रजिस्टर देईना, कारण तिच्याकडे पाण्याचा गुण दिसला नव्हता. "तुयं तं आधी पायजे," म्हणत मी ते घेतलंच.

मग कारंज्याला माहेरी बसून सगळ्या गावांची लेकरं एकत्र मोजली. पाजलेली एकीकडे, न पाजलेली दुसरीकडे. उत्तर उलटंच आलं. पाजलेलीच जास्त अकोल्याला गेली होती. मला रडूच कोसळलं.

बाबा कापूस बाजारात हमाल, शाळेचं तोंड न पाहिलेले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "सर्वात जास्त लेकरं कुठली?"

"पोहरादेवीची. यात्रेत सलाईन संपलं, म्हणून जवळपास साऱ्याइलेच पाणी पाजलं. पन ती आलीच होती पार सुकून, हातची गेल्यासारखी."

"मंग निस्ता गोंधळ करून राह्यली तू. ओला अन् कोरडा कापूस एका ढिगात टाकते का कोनी? ढिगाढिगाचा भाव येगळा काढ, मंग एकत्र कर."

पुन्हा बसले. आता प्रत्येक गावातली पाजलेली लेकरं त्याच गावातल्या न पाजलेल्यांशी ताडून पाहिली, पोहरादेवीचीसुद्धा. मग सगळ्या गावांची उत्तरं जोडली. जिथं लेकरं जास्त, त्या गावाच्या उत्तराला वजन जास्त. एक सोडून सारी गावं एकाच बाजूला झुकली. पाणी जिंकलं होतं, आणि खरं सांगते, मीही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "हे एक गाव उलटं दिसतंय."

"आहे. लपवलं असतं तर बाकीच्यांवर तुमी कायले विश्वास ठेवला असता?"

त्यांनी कागद फाईलला लावला. "ठीक आहे. सगळ्या उपकेंद्रांत पाजा."

"तोंडी नको, साहेब. लेखी द्या."

त्यांनी पेन काढलं. तो आदेश घेऊन मी मानोऱ्याच्या भर बाजारातून मिरवतच गेले.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर एक आई सुकलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. पाणी बंद होणार, हे तिच्याही कानावर गेलं होतं. वाटी हातात, पण नजर माझ्याकडे. "पाजू का बाई?"

"पाज माय," मी म्हटलं. "आता कोनी अडवत नाही."