डबा खाली आहे

इकडे हिंदी मुलखात, आमच्या बरखेड्याच्या कारखान्याच्या क्वार्टरांत सरोजकाकूंइतकी टापटिपीची बाई दुसरी नाही, आणि त्यांच्याइतकी फटकळही नाही. नागपूर सोडून जन्म गेला, पण घरात हिंदीचा एक शब्द खपवून घेणार नाहीत. सून अनुराधा ग्वाल्हेरची. ती चुकून ‘चम्मच’ म्हणाली की यांच्या कपाळाला आठी. मला तर बाई त्या पोरीची कीव यायची.

त्या दिवशी काकूंकडे रंगकाम होतं. त्यांनी देव्हारा रिकामा केला, सासूबाईंकडून आलेले चांदीचे टाक फडक्यात गच्च गुंडाळले, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातले आणि डबा पलंगाखाली सरकवला. अनुराधा जुने डबे-बाटल्या गोळा करून टाउनशिपच्या कचरा केंद्रावर निघाली होती. काकू तिला म्हणाल्या, “बिस्किटांचा डबा खाली आहे, लक्षात ठेव.” म्हणजे पलंगाखाली आहे, त्याला हात लावू नकोस. हिंदीत वाढलेल्या पोरीने ऐकलं, डबा रिकामा आहे, तोही ने. तिने तो पिशवीत टाकला.

थोड्या वेळाने काकू माझ्या दारात उभ्या. तोंड पांढरंफटक. मागे अनुराधा, रडून डोळे लाल.

“सुधा, स्कूटर काढ. माझे देव गेले.”

तिघी एका स्कूटरवर. वाटभर काकू ‘लवकर चल’ म्हणत माझ्या पाठीत बोट खुपसत होत्या, सुनेकडे मान वळवून पाहिलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, त्या न बघण्याचीच मला धास्ती वाटली.

केंद्रावर डबे दाबायचं यंत्र चालू होतं. वरून लोखंडी पाट उतरायचा आणि डब्यांचा चेंदामेंदा व्हायचा. तिथला शंकर पलीकडे पोती बांधत होता. “शंकरभैया, मशीन बंद करो,” मी ओरडले. त्या घरघरीत त्याला कुठलं ऐकू जातंय.

“आई, तो बघा आपला डबा,” म्हणत अनुराधाने सरळ आत हात घातला. पाट उतरायला लागला होता.

“हाथ निकाल, अनु! छोड़ वो डब्बा!”

काकू किंचाळल्या, आणि दंडाला धरून तिला मागे खेचलं. डबा आमच्या डोळ्यांदेखत चपटा झाला.

शंकर धावत आला, यंत्र थांबलं. काकूंनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या तिथेच धुळीत बसल्या, सुनेचं एकेक बोट दाबून “इथे दुखतंय का?” विचारत राहिल्या, आणि तिला नक्की कळावं म्हणून तेच पुन्हा हिंदीत विचारत होत्या.