जयाची बोलकी वेबसाइट

मंचरच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत जया लोखंडेचं झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पत्रिका करावी तर जयानेच, असं पार डिंभ्यापर्यंत लोक म्हणतात. चार कोपऱ्यांत मोर, मधे सोनेरी अक्षरं आणि उरलेल्या जागेत बोट टेकणार नाही इतकी वेलबुट्टी. कुठे कोरा कागद दिसला की आपण कामात अंग चोरलं, असं तिला वाटायचं.

व्हिडिओ बघून बघून ती वेबसाइट बनवायला शिकली, तेव्हा पहिलं काम आलं घाटघरहून. नाणेघाट बघायला येणाऱ्यांसाठी रामनाथने आपल्या घरातल्या दोन खोल्या सजवल्या होत्या. स्वयंपाक त्याची आई बयाबाई करणार होती. जयाने जीव ओतला. वेबसाइट उघडली की आपोआप सनई सुरू. वरून झेंडूची फुलं पडायची. ‘सहर्ष स्वागत’ लिहिलेली एक चौकट अख्खा पडदा झाकून टाकायची, आणि रामनाथचा नंबर शेवटच्या फोटोत, कमानीच्या नक्षीत बसवलेला. खाली किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा.

आकडा रोज वाढत होता. फोन मात्र एकही येत नव्हता. दिवाळी झाली, थंडी पडली, खोल्या रिकाम्याच. रामनाथ चकार शब्द बोलला नाही, पण जयालाच त्याला फोन करायची लाज वाटू लागली.

एका शनिवारी हायवेवर गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेत गाडी सोडून पुण्याची एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला दुकानात आली. अक्षदा तिचं नाव. जुन्नरच्या हॉटेलात द्यायला झेरॉक्स हवी होती.

“खरं तर घाटघरलाच राहायचं होतं,” ती आपणहून म्हणाली. “एकांची वेबसाइट सापडली. ऑफिसात उघडली आणि सनई सुरू! सगळे माना वळवून बघतायत आणि मला बंद करायचं बटण सापडेना.”

जयाने झेरॉक्सचं झाकण लावलं. “मग फोन नाही केला?”

“नंबर फोटोत होता हो. दाबून काही होईना. लिहून घ्यावा म्हटलं तर त्यावरून फुलं पडतायत. शेवटी नाद सोडला.”

जयाची कानशिलं तापली. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण तोंडातून निघूनच गेलं, “ती मी बनवलीय.”

अक्षदा ओशाळली. “अहो, मला माहीत नव्हतं...”

“राहू द्या. पण एक करा. माझ्यासमोर परत उघडून दाखवा. मी मधे बोलणार नाही.”

गाड्यांची रांग हलत नव्हतीच. अक्षदा स्टुलावर बसली. जया तिचा अंगठा बघत राहिली. स्वागताची चौकट बंद करायची फुली तिळाएवढी होती. अंगठा तीनदा चुकला. पिवळ्यावर पांढरी अक्षरं वाचायला तिने फोन डोळ्यांजवळ नेला. तिला फक्त खोली आहे का, रस्ता कसा आणि फोन कुठे करायचा एवढंच हवं होतं. आपण नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं दिलं, हे जयाला त्या पाच मिनिटांत कळलं. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. दोष घाटघरचा नव्हता, आणि सुधारता येण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती घाटघरला गेली आणि रामनाथला सगळं सांगितलं.

“सनई काढू नका ताई,” तो म्हणाला. “आई रोज उघडून ऐकती.”

“रोज?”

“दिसातून धा येळा,” बयाबाई आतून म्हणाली. “लई ग्वाड वाजती.”

म्हणजे तो वाढणारा आकडा बयाबाईचाच होता! जयाला हसू आवरेना. तिने सनई म्हातारीच्या फोनमध्ये वेगळी भरून दिली आणि ओट्यावर, जिथे जरा रेंज येते तिथे, वेबसाइट पुन्हा मांडायला घेतली. नंबर सगळ्यात वर, बोट लावलं की फोन लागेल असा. पांढऱ्यावर काळी अक्षरं. दोन फोटो, जुन्नरहून यायचा रस्ता, जेवणात काय मिळेल ते. एवढी मोकळी जागा बघून तिचा हात शिवशिवला, पण तिने तो आवरला.

चौथ्या दिवशी रामनाथचा फोन आला. “ताई, नारायणगावची सहा माणसं येत्यात! नाचणीची भाकर हाय का इचारत व्हती.” मागून बयाबाई पीठ किती काढायचं ते ओरडून विचारत होती.

त्यानंतर सगळंच सुरळीत झालं असं नाही. मंचरच्या पोपटशेठना आपल्या वेबसाइटवर धावती अक्षरंच हवी होती. जयाने समजावलं, ते ऐकेनात, दुसरीकडे गेले. तिला दोन दिवस चुटपुट लागली.

सध्या ती डिंभ्याच्या मासे विकणाऱ्या बायकांसाठी वेबसाइट करतेय. परवा धरणाच्या काठी तिने अर्धवट झालेलं काम फोनवर उघडून त्यांच्यातल्या जानकाबाईच्या हातात दिलं आणि स्वतः तोंड मिटून शेजारी बसली. जानकाबाईने लुगड्याला हात पुसले, फोन लांब धरला, मग जवळ आणला.

“ही एवढी बारकी अक्षरं कुणासाठी काढलीस गं?”

“तुमच्यासाठीच,” जया म्हणाली, आणि तिथेच खडकावर बसून मोठी करायला लागली.