त्याच दिवशी मातीआड

सावित्रीबाईच्या नाकाची गावात चेष्टा व्हायची. शेतात शेणखताचा ढीग पडला की ती जवळ उकिडवी बसून हुंगायची, आणि डोळ्यांत पाणी आलं की चिडायची.

"आत्याबाई, लोक बघायलेत," सून ज्योत्स्ना म्हणायची.

"बघू दे. डोळ्याला झोंबायलंय म्हंजे माझ्या तुरीच्या तोंडचा घास वाऱ्यावर चाललाय."

हे खूळ कडगंचीचं. तिथं विद्यापीठाच्या बागेत ती दोन वर्षं कामाला होती. तिथं शिकणारी एक पोरगी शेणखतावर डबा पालथा घालून वायू मोजायची. खत उन्हात उघडं पडलं की त्यातला अमोनिया उडतो, हवा नासते अन् जमीन उपाशी राहते. त्याच दिवशी मातीत घातलं तर बराचसा वाचतो, असं तिनं सांगितलं. सावित्रीबाईला लगेच पटलं. डोळे तिचेच झोंबत होते ना!

गावाची रीत मात्र उलटी. वैशाखात ढीग टाकायचे, मिरगापर्यंत तसेच ठेवायचे, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यानं ते मोजले की मालकानं मिशीवर ताव द्यायचा. सावित्रीबाईकडं दोन म्हशी होत्या, बैल नव्हते. तिचं तीन एकर बांधाशेजारच्या किशनरावाच्या बैलांवर पेरलं जायचं; बदल्यात सासू-सून त्याच्या तुरीत खुरपायला जायच्या.

यंदा तिनं निरोप धाडला, खत पडलं की ते मातीत मिसळायला त्याच दिवशी बैलांचा कुळव पाहिजे. किशनराव चार माणसं घेऊन बांधावर आला.

"कामून घाई करायलीस? निजू दे की खत मिरगापतोर."

"निजत न्हाई अण्णा, उडून जायलंय."

माणसं हसली, तसा त्याला चेव आला. "तुमच्या लोकांना शेती कधी कळली गं? रीतीनं ढीग ठेव, न्हाईतर पेरणीला माझ्या बैलांची वाट बघू नको."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिच्या सासऱ्यानं, पिराजीनं, जन्मभर असल्यांच्याच गोठ्यातलं शेण काढलं होतं, आणि पिकली होती त्यांचीच रानं. "बरं," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून ऊन कललं की दोघी खताच्या पाट्या टाकायच्या आणि टाकलेलं सगळं कुदळ-फावड्यानं मातीआड करायच्या. त्याशिवाय भाकरी नाही. एकवीस दिवस लागले, तळहाताची सालटं निघाली. खताला पांघरूण घालायल्या, म्हणून लोक दात काढायचे.

"पेरायचं कसं, आत्याबाई?" ज्योत्स्ना रडकुंडीला आली.

"हातानं."

मिरगात बैल आले नाहीतच. दोघींनी दोरी ताणून एकेक बी टोकलं.

भादव्यात किशनराव बांधावर आला, एकटाच. त्याची तूर गुडघ्याला, हिची कंबरेला. त्यानं वाकून मूठभर माती उचलली, हुंगली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली.

"साईत्रा, पुढच्या साली कुळव धाडतो. तू म्हणशील त्या दिवशी."

तिचं खुरपं थांबलं नाही. "बैलाचं मागून बघू, अण्णा. वैशाखात ह्याच बांधावर चार माणसांत 'तुमच्या लोकांना' असा एक शब्द टाकून गेलाव. तो आधी उचला. चार माणसांतच."

किशनरावानं मागं वळून पाहिलं. बांधावर कुणीच नव्हतं.

"बलवून आणा," ती म्हणाली. "मी हाय इथंच."