शुक्रवारपर्यंत झाकलेला टीव्ही

अण्णा गेल्याचा फोन गुरुवारी सकाळी आला. नाशिकहून शेजारच्या सुलभाताईंचा. माझा नवरा, मिलिंद, तेव्हा इथे कतारमध्ये रास लफानच्या गॅस प्लांटला ड्युटीवर होता. प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही, म्हणून त्याचे वडील गेल्याचं त्याच्याआधी मला कळलं. ऑफिसात निरोप ठेवला, पण तो त्याच्यापर्यंत पोहोचायला दुपार झाली. तोवर मी अल खोरच्या घरात नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. आपल्याला ठाऊक आहे आणि ज्याला ठाऊक असायला हवं त्यालाच नाही, हे किती जड असतं ते त्या दिवशी कळलं... आणि अण्णांनी ते एक अख्खा हंगाम कसं वागवलं असेल, हेही तेव्हाच पहिल्यांदा मनात आलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. नाशिकच्या एका शाळेत पी.टी.चे मास्तर आणि खो-खोचे पंच. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात त्यांनी स्वतःच्याच शाळेचा गडी बाद दिला, शाळा हरली आणि मुख्याध्यापकांनी कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला, ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की आमच्या लेकीला, सईलासुद्धा पाठ होती, अर्थात इंग्रजीत. सासूबाई गेल्यावर त्यांना आम्ही व्हिजिट व्हिसावर इकडे आणलं. कतारमध्ये तेव्हा फुटबॉल विश्वचषकाची तयारी जोरात होती. रस्ते खणलेले, रोज नवं वळण, आणि अल खोरजवळ तंबूच्या आकाराचं स्टेडियम वर येत होतं. अण्णांना त्याचं कौतुक होतं, पण दिवसभर करायला काही नव्हतं. नाशकात त्यांना रस्त्यावर दहा माणसं थांबवायची, इथे लिफ्टमधलेही ओळखत नव्हते.

आमच्याकडे तेव्हा शुक्रवारचा एक रिवाज होता. युरोपातल्या फुटबॉल क्लबांची बाद फेरीची स्पर्धा मिलिंद आणि त्याचे मित्र वेड्यासारखे पाहत. पण सामने मंगळवारी-बुधवारी रात्री, आणि प्लांटची बस पहाटे. म्हणून सामना रेकॉर्ड करायचा आणि शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी सगळ्यांनी मिळून पाहायचा. तोवर निकाल कुणी सांगायचा नाही, वाचायचा नाही, कुणी बोलायला लागलं तर कानावर हात. ऑफिसातले मल्याळी, इजिप्शियन सगळे त्यांना हसायचे. शुक्रवारी मी मिसळ करायची, पावाऐवजी इथली खुबूस रोटी, आणि माणसं जणू सामना आत्ताच सुरू आहे अशी ओरडायची.

उपांत्यपूर्व फेरीच्या वेळी अण्णाही येऊन बसले. मध्यंतराला गोल नव्हता, मिलिंदचा जीव टांगणीला. अण्णा सहज म्हणाले, "धीर धर. उजवीकडचा तो बचावपटू दमलाय, त्याच्या टाचा बघ. तिकडूनच गोल होणार." आणि झाला. पुढच्या शुक्रवारी तर गोलकीपर पेनल्टी अडवणार हेही त्यांनी सांगितलं. झालं... अण्णा एकदम मोठे झाले. मित्रांपैकी शिरीष तर त्यांना खुर्चीतून उठू देईना. सई म्हणायची, "आजोबा नोज एव्हरीथिंग!" आणि अण्णा तिच्याकडे न बघता पाणी प्यायचे. मला वाटायचं, संकोचताहेत. शेवटी खो-खोत तयार झालेली नजर, बॉलवर चालायचीच, असं मीही बाजारात दोघी-तिघींना सांगितलं.

शिरीष मिलिंदचा जवळचा मित्र, पुण्याचा. तेलाचे भाव पडले होते, कंपनीत कपातीची कुजबुज होती, आणि पुण्याच्या एका कारखान्यातून त्याला बोलावणं आलं होतं. बायकोला जायचं होतं, त्याचा पाय निघत नव्हता. उपांत्य फेरीचा पहिला सामना अण्णांनी सांगितल्याबरहुकूम संपला आणि शिरीषने हसत हसतच विचारलं, "अण्णा, आता माझं सांगा. थांबू की जाऊ?" सगळे हसले. अण्णाही रंगात होते. इथे येऊन शिकलेला एक शब्द त्यांना फार आवडायचा. म्हणाले, "थांब की. इन्शाल्ला सगळं नीट होईल."

त्याच दोन संघांच्या परतीच्या सामन्याच्या शुक्रवारी शिरीष पेढे घेऊन आला. "पुण्याला नकार कळवून टाकला," तो म्हणाला. "खलास. अण्णांनी सांगितलं ना."

अण्णांच्या हातातला पेढा हातातच राहिला. मिलिंद रेकॉर्डिंग लावत होता. "लावू नकोस," अण्णा म्हणाले. "एक-एक बरोबरी आहे. शेवटच्या मिनिटाला पाहुणे बरोबरीचा गोल करतात आणि दोन्ही सामन्यांच्या बेरजेत तेच पुढे जातात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भविष्य सुरू झालं असं वाटलं त्यांना. अण्णा पुन्हा म्हणाले, "मी पाहिलाय." तरी कुणाला उलगडेना. मग ते उभे राहिले. "मला पहाटे झोप येत नाही. आवाज बंद करून टीव्ही लावतो. पहिल्या वेळी खालच्या पट्टीत निकाल दिसला, चुकून. मग मात्र चुकून नाही... बुधवारी, गुरुवारी पुनःप्रक्षेपण बघत होतो. शिरीष, मला काही कळत नाही रे. तू पुण्याला परत फोन कर."

मला अण्णांची लाज वाटली. दया नाही आली, आधी लाजच आली... चार लोकांसमोर, माझ्या घरात, माझ्या हातची मिसळ ताटात असताना. मिलिंद आत आल्यावर पुटपुटला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?" मी त्याला गप्प बस म्हटलं नाही. नंतर कुणी विचारलं की अण्णा दिसत नाहीत, तर मी सांगायची की त्यांची पाठ धरलीय.

पुण्याची जागा भरून गेली होती. अण्णांनी शिरीषला रोज फोन करून काही मार्ग निघतोय का विचारलं, आणि तो रोज म्हणाला, "अण्णा, निर्णय माझा होता. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" त्या आठवड्यात टीव्हीवर अण्णांचा स्वतःचा पांढरा टॉवेल आला. रेकॉर्ड करायचे सामने उरले नव्हते, तरी मंगळवारी संध्याकाळी ते तो पसरायचे आणि शुक्रवारी सकाळी स्वतः काढायचे. मिलिंद चिडला, "अहो, एवढं कुठे म्हटलं तुम्हाला कुणी?" अण्णा म्हणाले, "मला लागतो."

अंतिम सामना शनिवारी होता, थेट. शिरीष मुद्दाम अण्णांच्या शेजारी बसला. "बोला अण्णा, कोण जिंकणार?" टोमणा नव्हता तो, त्यांना पुन्हा आपल्यात ओढायचं होतं त्याला. "मला माहीत नाही," अण्णा म्हणाले. त्या हंगामात हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. सामना संपेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत, पण गोल झाला तेव्हा खुर्चीचा हात घट्ट धरलेला मी पाहिला.

जूनमध्ये ते परत गेले. दिवाळीच्या आधी कपात झाली, त्यात शिरीषचं नाव होतं. तो पुण्याला गेला, बऱ्याच खटपटीनंतर आधीपेक्षा लहान नोकरी धरली. अण्णांमुळे झालं असं तो कधी म्हणाला नाही, आणि तरी आम्हीच त्याला फोन करणं कमी केलं. काय बोलायचं? अण्णांना मात्र मी पुढची सगळी वर्षं दर फोनला म्हणायची, विश्वचषकाला या. ते म्हणायचे, "बघू. तिथे तोंड कसं दाखवू?" मला वाटायचं, एवढीशी गोष्ट किती ताणतात... स्टेडियम केव्हाच पुरं झालंय. आता विश्वचषक तोंडावर आलाय.

गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी सकाळी आम्ही नाशिकला पोहोचलो. शिरीष आमच्या आधी आला होता. खांदा देणाऱ्यांत तोही होता. स्मशानातून परतल्यावर सगळ्यांच्या आंघोळी सुरू झाल्या, टॉवेल पुरेनात. अण्णांच्या खोलीत टीव्हीवर एक पांढरा टॉवेल पसरलेला दिसला, तो मी ओढून घेतला.

"तो नको काढूस," सुलभाताई म्हणाल्या. "मंगळवारी घालतात ते. पेपरातलं खेळाचं पानही आमच्याकडे न उघडता पाठवायचे. शुक्रवारी सकाळी टॉवेल काढून सामना बघायचे, एकटेच. मी विचारलं एकदा, तर म्हणाले, पूर्वी एकदा आधी बघितला होता."

मिलिंद दारात उभा होता. तो तिथून निघून गेला. मी टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि मला माझीच इतकी लाज वाटली की सुलभाताईंकडे बघता येईना. शिरीष नुकताच आंघोळ करून आला होता, केसांतून पाणी गळत होतं. त्याने माझ्या हातातून टॉवेल घेतला. मला वाटलं, डोकं पुसेल. त्याने तो पुन्हा टीव्हीवर पसरला आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या.

"आज शुक्रवार आहे, शिरीष," मी म्हणाले.

"हो वहिनी," तो म्हणाला. "पण अण्णांनी सामना अजून पाहिलेला नाही."