दोन पिवळे घोटे

माझा उजवा घोटा सपाट फरशीवरही मुरगळायचा. कॉलेजात असताना बेंगळुरूच्या आमच्या मंडळाच्या गणपतीत लेझीम खेळताना तो पहिल्यांदा मुरगळला (ढोलवाला थांबला, मी थांबलो नाही!) आणि मग त्याला ती चटकच लागली. इंदिरानगरला रस्ता ओलांडताना, बेळ्ळंदूरला ऑफिसच्या लिफ्टमधून उतरताना, एकदा तर नुसतं मागे वळून बघताना! दर वेळी आई सहाणेवर आंबेहळद उगाळायची आणि लेप लावता लावता माझा उद्धार करायची. माझ्या सगळ्या तरुणपणाला त्या लेपाचा वास आहे.

शेवटी सर्जन म्हणाले, "घोट्याचं लिगामेंट पार सैल झालंय. गुडघ्याजवळची शीर काढून नवीन बांधू."

आई मूळची बेळगावची. ती म्हणाली, "अय्यो! मग गुडघ्याला कुठनं आणणार?"

तरी ऑपरेशन ठरलं. सर्जन लवकरच परदेशी जाणार होते; ते हुकलं असतं तर मला आणखी कित्येक महिने भिंत धरून चालावं लागलं असतं. ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलात सर्जन माझ्या उजव्या पायावर पेनाने खुणेचा बाण काढून गेले. मला जरा डुलकी लागली. जाग आली ती ओळखीच्या वासाने. आई पायाशी वाटी घेऊन बसली होती!

"आई, हे काय?"

"शेवटचा लेप रे. इतकी वर्षं लावला, आज तसाच पाठवू होय? आणि कुणीतरी पेनानं रेघोट्या मारलेल्या, त्या पण पुसल्या बघ."

"अगं, पण दोन्ही पायांना?"

"वाटीत स्वल्प उरलेला. टाकून देऊ काय?"

स्पिरिटने घासून घासून सिस्टरचे हात पिवळे झाले, घोटे होते तसेच! सर्जन आले आणि माझ्या पायांकडे बघतच राहिले. फाइल होती, रिपोर्ट होते, पण माणूस काटेकोर. "पुन्हा तपासल्याशिवाय मी बाण काढणार नाही. उजव्या पायावर उभे राहा."

राहिलो. आणि जन्मात कधी नाही तो माझा उजवा घोटा खांबासारखा घट्ट!

"बघा, लेपाचा गुण!" आई म्हणाली.

"मग ऑपरेशन पुढे ढकलू या का?" सर्जन म्हणाले.

माझा चेहरा पडला. मी पलंगाकडे वळलो मात्र, घोटा मुरगळला आणि मी थेट सर्जनच्या अंगावर!

"हाच!" मी आणि सर्जन एकदमच ओरडलो.

ऑपरेशन होऊन आता घोटा ठणठणीत आहे. गेल्या गणपतीत लेझीमही खेळलो. पण आईकडे गेलो की सहाण कोपऱ्यात कोरडी पडलेली दिसते आणि मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा राहवेना. दारातूनच लंगडत आत गेलो. आई आंबेहळद उगाळायला बसली. तोच वास, तोच उद्धार! मी डोळे मिटून पाय पुढे केला.

"सरी, बरं बाबा," आई म्हणाली, "पण ऑपरेशन उजव्याचं झालं होतं. तू डाव्यानं लंगडतोयस."

आणि तिने लेप दोन्ही पायांना लावला. मीही, ऑफिसात चाळीस माणसांना शिस्त लावणारा मॅनेजर, वाळेपर्यंत हललो नाही.